विनीता शर्मा निकाल आणि हक्कसोडपत्र: बहिणीचा हिस्सा सहीपलीकडे टिकतो का?

कृष्णाकाठची_अनघा

११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा हा निकाल दिला. न्या. अरुण मिश्रा, न्या. अब्दुल नझीर आणि न्या. एम. आर. शहा यांचं खंडपीठ होतं. मुलगी वडिलोपार्जित मिळकतीत जन्मापासूनच सहदायाद, म्हणजे जन्मानेच हक्काची वाटेकरी आहे, मुलाइतकीच. ९ सप्टेंबर २००५ ला, म्हणजे हिंदू उत्तराधिकार कायद्यातली दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, वडील हयात असण्याची गरज नाही. एवढं स्वच्छ सांगून न्यायालयाने आधीचा गोंधळ संपवला. गोंधळ खरंच मोठा होता. २०१५ चा प्रकाश वि. फुलवती निकाल म्हणत होता की त्या दिवशी वडीलही हयात हवेत. २०१८ च्या दानम्मा निकालात वडील २००१ ला वारलेले असूनही मुलींना हिस्सा मिळाला. खालच्या कोर्टात दोन्ही बाजूंचे वकील आपापला निकाल घेऊन उभे राहायचे.

मी दिवाणी कोर्टात वकिली करते, वाटपाचे दावेच जास्त. निकालाचा अर्थ काय यावर आता फारसं कुणी भांडत नाही. लढाई कोर्टाबाहेरच आटोपते. वडील जातात, दिवसकार्य होतं, सगळी भावंडं घरात असतातच, त्याच आठवड्यात बहिणींना दुय्यम निबंधक कार्यालयात नेतात. हक्कसोडपत्राला, म्हणजे आपला हिस्सा सोडून दिल्याच्या दस्ताला, मुद्रांक नाममात्र, तासाभरात काम होतं. सही झाली की तिच्यापुरता विनीता शर्मा निकाल संपला.

तर प्रश्न असा: हक्कसोडपत्रावर कायद्याने काही अट असावी का? आधी बहिणीचं नाव सातबाऱ्यावर लागल्याशिवाय हक्कसोड नोंदवू नये, सोडलेल्या हिश्श्याची रेडीरेकनरप्रमाणे (सरकारी दरपत्रकाप्रमाणे) किंमत दस्तात लिहावी, वडिलांच्या मृत्यूनंतर काही महिने असा दस्त घेऊच नये, असं काही? माझं मत हो. तुमचे अनुभव वाचायला आवडतील. विरोधी मतही मनापासून हवं आहे.

तिफण

ताई, विरोधी मत माझं घ्या. बीड जिल्हा, साडेचार एकर कोरडवाहू. बहिणीच्या लग्नाचं कर्ज वडिलांनी काढलं, फेडलं मी. आई माझ्याकडं. बियाणं, खत, मजुरी, दुष्काळ सगळं माझ्या डोक्यावर. मेहुण्याला त्याच्या वडिलांची नऊ एकर बागायत. आता कायदा म्हणतो बहिणीचा वाटा माझ्याएवढाच. बहीण माझी गुणाची आहे, तिनं कधी मागितलं नाही. पण उद्या तिच्या पोरांनी मागितलं तर मी दोन एकरात काय करू? दिल्लीत बसून निकाल देणं सोपं आहे.

शेवंती

तिफणदादा, तुमची अडचण खोटी नाही. पण लग्नाचा खर्च म्हणजे हिस्सा नव्हे. मांडव, जेवणावळ, मानपान, पाहुण्यांचे आहेर यातलं तिच्या हातात काय राहिलं? हुंडा दिला असेल तर तो सासऱ्यांच्या खिशात गेला. उद्या नवऱ्याने घराबाहेर काढलं तर ती त्या जेवणावळीवर जगेल का?

आणि मेहुण्याची नऊ एकर मेहुण्याची. तुमच्या बहिणीचं नाव आहे का त्या सातबाऱ्यावर?

तिफण

नाही.

काटेकोर

चर्चा पुढे जाण्याआधी एक भेद स्पष्ट करतो, कारण समाजमाध्यमांवर या निकालाबद्दल बरंच चुकीचं फिरतं. सहदायिकीचा हक्क फक्त वडिलोपार्जित, एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत आहे. वडिलांनी स्वतः कमावलेल्या मिळकतीत मुलाला काय किंवा मुलीला काय, जन्माने काहीच मिळत नाही. ते हयात असेपर्यंत विकतील, दान करतील, मृत्युपत्राने शेजाऱ्यालाही देतील. मृत्युपत्र न करता गेले तर हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम ८ प्रमाणे आई, विधवा, मुलगे, मुली यांना समान. हे १९५६ पासूनच आहे, त्याचा २००५ शी संबंध नाही.

दुसरं, आजोबांकडून वडिलांकडे आलेली प्रत्येक जमीन वडिलोपार्जित ठरतेच असं नाही. आजोबांची मिळकत स्वकष्टार्जित होती, ते १९५६ नंतर वारले आणि कलम ८ ने ती वडिलांना मिळाली, तर ती वडिलांची स्वतंत्र मिळकत. १९८६ च्या चंदर सेन निकालापासून ही भूमिका पक्की आहे. म्हणजे जसजशा पिढ्या पुढे सरकतील तसतशी खरी सहदायिकी मिळकत कमी होत जाणार. विनीता शर्मा निकाल महत्त्वाचा आहेच, पण त्याचं क्षेत्र लोक समजतात त्याहून लहान आहे.

भीमथडी

काटेकोर, कायद्याच्या वर्गात बसल्यासारखं वाटलं, पण समजलं! आता कुणीतरी आकडे घालून सांगा. १२ एकर वडिलोपार्जित, वडील वारले, मागे आई, एक मुलगा, दोन मुली. आधी कुणाला किती आणि आता किती?

कृष्णाकाठची_अनघा

भीमथडी, उत्तम उदाहरण.

जुन्या पद्धतीत वडिलांच्या मृत्यूच्या आदल्या क्षणी वाटणी झाली असं मानायचे. त्या काल्पनिक वाटणीत वडील, मुलगा आणि आई असे तीन वाटे, प्रत्येकी ४ एकर. मुलींना त्यात जागा नाही. मग वडिलांचे ४ एकर चौघांत वाटायचे, म्हणजे प्रत्येकी १. हिशेब झाला: आई ५, मुलगा ५, मुली १ आणि १. आईचा वाटा असा धरायचा हे १९७८ च्या गुरुपाद मगदूम वि. हिराबाई मगदूम निकालाने ठरवलं. तो न्या. यशवंतराव चंद्रचूड यांनी लिहिलेला निकाल, आणि दाव्याचा उगम आपल्याच मुंबई उच्च न्यायालयाच्या हद्दीतला.

आता मुलीही सहदायाद. वडील, आई, मुलगा, दोन मुली असे पाच वाटे. वडिलांचा पाचवा हिस्सा पुन्हा चौघांत. सगळ्यांना ३-३ एकर.

भीमथडी

म्हणजे मुलीला १ चे ३ झाले, आणि आईला ५ चे ३? हे कुणी बोलतच नाही!

कृष्णाकाठची_अनघा

बरोबर टिपलंत. मुलींना सहदायाद केलं, आई मात्र सहदायाद नाही, तिला वाटणीच्या वेळीच वाटा मिळतो. वाटेकरी वाढले की तिचा वाटा घटतो. विधवेच्या म्हातारपणाचा विचार दुरुस्तीत झाला नाही, ही त्रुटी मला फार खुपते. कोर्टात आई भावाच्या बाजूने उभी राहते तेव्हा आपण म्हणतो 'आईनेच मुलीशी वैर धरलं'. पण तिचाही वाटा पणाला लागलेला असतो हे बघायला हवं.

जरीबसाखळी

महसूल खात्यात नोकरी केली, मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालो. कागदावर काय घडतं ते सांगतो.

आमच्या काळात वारसनोंद करताना मोठ्या मुलाच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.' लागायचं, एकत्र कुटुंब मॅनेजर. धाकटे भाऊ त्यात गृहीत. बहिणींची नावं लावलीच तर 'इतर हक्क' या रकान्यात. पुढं कधीतरी एक फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरच्या बदलाची नोंद, पडायचा, त्यात लिहिलेलं असायचं की बहिणींनी तलाठ्यापुढे जबाब देऊन हक्क सोडला. बहीण चावडीवर आली होती की नव्हती ते जबाबावरचा अंगठाच जाणे. मी काही मंडळ अधिकारी असेही पाहिले की जे अशी नोंद प्रमाणित करायला ठाम नकार द्यायचे आणि नोंदणीकृत दस्त आणा म्हणायचे. त्यांना गावात शिव्या पडायच्या.

इथल्या लेकीबाळींनी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. शंभर रुपयांवर किमतीच्या स्थावरातला हक्क सोडायचा तर दस्त नोंदणीकृतच लागतो. साधा जबाब किंवा नोटरीचा कागद याने मालकी जात नाही. दुसरं, फेरफार नोंद ही महसूल वसुलीसाठी आहे, तिने मालकी ठरत नाही. नाव कमी झालं म्हणजे हक्क गेला असं समजून रडत बसू नका. तिसरं, वारसनोंदीचा फेरफार पडला की हितसंबंधितांना नोटीस काढून हरकतीला १५ दिवस द्यावे लागतात. ती नोटीस माहेरच्या पत्त्यावर जाते आणि तिथेच राहते. आता सातबारा आणि फेरफार ऑनलाइन दिसतात, तेव्हा नोटिशीची वाट न बघता स्वतः बघत जा.

रानवारा

जरीबसाखळी काका, हा प्रतिसाद छापून प्रत्येक ग्रामपंचायतीत लावायला हवा.

विषयाला थोडा इतिहास जोडते. हे सगळं २००५ ला एकाएकी आलं नाही. १९३७ चा हिंदू स्त्रियांच्या मालमत्ता हक्काचा कायदा डॉ. गो. वि. देशमुखांनी आणला, म्हणून त्याला 'देशमुख कायदा' म्हणत. त्यात विधवेला काही मिळालं, मुलीला नाही. बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलात मुलीला वारसा देऊ केला, ते बिल अडवलं गेलं आणि १९५१ च्या सप्टेंबरात त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. १९५६ ला कायदा आला पण सहदायिकी पुरुषांचीच राहिली. मग केरळ, आंध्र, तामिळनाडू यांनी आपापल्या दुरुस्त्या केल्या. महाराष्ट्राने १९९४ ला केली, २२ जूनपासून. पण तिच्यात एक पाचर होती: त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुलींना हक्क नाही. एकाच घरातल्या दोन बहिणी, एकीचं लग्न १९९३ च्या मे महिन्यात आणि दुसरीचं १९९५ ला, तर धाकटीला हिस्सा आणि थोरलीला नाही. केंद्राच्या २००५ च्या दुरुस्तीने ही पाचर काढली.

आणि कायद्याच्या आधी माणसांनी केलेलं काम विसरू नये. १९८६ ला चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं. त्यातून पुढे लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम आला आणि शरद जोशींच्या हाकेवर कितीतरी शेतकऱ्यांनी राजीखुशीने बायकोच्या नावे जमीन केली. कुणी कोर्टात खेचलं नव्हतं त्यांना. माझ्या आजोळच्या गावात दोन घरं तरी मला माहीत आहेत.

तिफण

लक्ष्मीमुक्ती आमच्या वडिलांना माहीत होती. आईच्या नावावर एक एकर आहे ती तेव्हाचीच.

शेवंती

मग दादा, तुमच्या घरात तर सुरुवात झालेलीच आहे!

काटेकोर

रानवाराताई, महाराष्ट्राच्या कथेत एक टप्पा राहिला. २०१२ ला मुंबई उच्च न्यायालयाच्या एका खंडपीठाने गणोरकर प्रकरणात म्हटलं की ९ सप्टेंबर २००५ नंतर जन्मलेल्या मुलींनाच जन्माने हक्क. म्हणजे तेव्हा सात वर्षांच्या मुलींना! २०१४ ला पूर्णपीठाने बद्रीनारायण भंडारी प्रकरणात ते मत रद्द केलं. त्या दोन वर्षांत किती तडजोडी बहिणींनी घाईने कमी रकमेत केल्या असतील? निकाल बदलतो, तडजोड बदलत नाही. म्हणून मला वाटतं की अशा प्रश्नावर वरिष्ठ न्यायालयाने पंधरा वर्षं लावणं हाच मोठा अन्याय आहे.

वऱ्हाडी_लेक

बरेच दिवस नुसतं वाचते, आज लिहिते.

वडील गेले तेव्हा मी आणि मोठ्या बहिणीने हक्कसोडपत्रावर सही करायला नकार दिला नाही, फक्त 'वर्षश्राद्धानंतर बघू' म्हटलं. एवढ्यावरून भावजय बोलेनाशी झाली. पुढे गावातून समृद्धी महामार्ग गेला आणि आमच्या शेताचा एक तुकडा संपादनात आला. नाव सातबाऱ्यावर होतं म्हणून आम्हा दोघींनाही मोबदल्याचा वाटा मिळाला. ज्या घरांत आधीच हक्कसोड झाली होती तिथल्या बहिणी कोरड्याच राहिल्या, आणि त्यांच्यातल्या काहींना भावांनी साधी साडीही घेतली नाही. जमिनीला भाव नव्हता तेव्हा सोडलेला हक्क भाव आल्यावर परत मागता येत नाही.

माझ्या पैशातून मी मुलीचं नर्सिंगचं शिक्षण केलं. भावजय अजून बोलत नाही. भाऊ बोलतो, दिवाळीला ओवाळून घेतो. हे दोन्ही एकदम खरं आहे आणि दोन्ही लिहावंसं वाटलं.

भीमथडी

ताई, लिहिलंत ते फार बरं केलंत. मुलीला शुभेच्छा.

पैलतीर

मी गेली अनेक वर्षं परदेशात. आमच्याकडे हे कुरियरने होतं. कुलमुखत्यारपत्राचा मसुदा येतो, वकिलातीत साक्षांकित करून पाठव म्हणतात. मसुदा नीट वाचला तर त्यात 'हक्कसोड करण्याचे व रकमा स्वीकारण्याचे सर्व अधिकार' असं सगळं एका दमात दिलेलं. मी ते कलम खोडून फक्त वारसनोंदीपुरता अधिकार दिला. भाऊ रागावला नाही, उलट म्हणाला 'मसुदा टायपिस्टने दिला तसा पाठवला'. परदेशातल्या बहिणींनो, सही करण्याआधी एकदा तरी वाचा.

मांडवीकाठ

गोव्यातून लिहितो. आमच्याकडे १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा, त्यामुळे धर्म कोणताही असो, मुलगा-मुलगी समान. आणखी दोन गोष्टी तुमच्याकडे नाहीत. एक, नवराबायकोची मिळकत लग्नाबरोबर सामाईक होते, वेगळा करार केला नसेल तर. त्यामुळे विधवेचा अर्धा वाटा आधीच बाजूला निघतो, वर अनघाताईंनी सांगितलेला आईचा प्रश्न येत नाही. दोन, आईवडिलांना मृत्युपत्राने निम्म्याहून जास्त मिळकत मनाप्रमाणे देता येत नाही. उरलेलं निम्मं मुलांचं राखीव. २०१९ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने कुतिन्हो प्रकरणात सांगितलं की गोवेकराची मिळकत गोव्याबाहेर असली, समजा मुंबईत फ्लॅट असला, तरी वारसा याच कायद्याने ठरेल.

इतकं असूनही गोव्यात बहिणी हक्क सोडतात. नोटरीपुढे दस्त होतो आणि भाऊ घर ठेवतो. कायदा दीडशे वर्षं समान आहे, पण घरातली रीत त्याच्यामागे खूप उशिरा चालते. म्हणून अनघाताईंचा प्रश्न मला योग्य वाटतो: हक्क कसा मिळतो याइतकंच तो कसा सुटतो याकडे कायद्याने बघावं.

सातपुडा

नंदुरबार. आम्ही अनुसूचित जमातीचे. आमच्या बहिणींना हा निकाल लागू आहे का?

काटेकोर

सातपुडा, थेट नाही. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २(२) ने अनुसूचित जमाती वगळल्या आहेत, केंद्राने अधिसूचना काढली तरच लागू होतो. २०२२ च्या डिसेंबरात कमला नेती प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला या वगळण्याचा फेरविचार करायला सांगितलं. जुलै २०२५ च्या रामचरण वि. सुखराम निकालात, छत्तीसगडमधल्या गोंड कुटुंबाच्या दाव्यात, न्यायालय म्हणालं की स्त्रीला वारसा नाकारणारी प्रथा सिद्ध झाली नसेल तर तिला वगळणं समानतेच्या हक्काविरुद्ध आहे. आधी बाईला विचारायचे 'तुला हक्क देणारी प्रथा दाखव'. आता नाकारणाऱ्याने प्रथा दाखवायची. पुराव्याचं ओझं दुसऱ्याच्या खांद्यावर गेलं, आणि खालच्या कोर्टात दावा त्यावरच ठरतो.

सातपुडा

धन्यवाद. आमच्याकडे वनहक्काच्या पट्ट्यावर नवराबायको दोघांची नावं येतात, पण वडिलांच्या जमिनीत बहिणीचं नाव कुणी घेत नाही. हे गावात सांगतो.

तिफण

मी रात्री पुन्हा सगळं वाचलं. काही प्रश्न आहेत, राग नाही.

एक, आमच्या चुलत्यांशी वडिलांची तोंडी वाटणी झाली, ८८-८९ ला सातबारे वेगळे झाले. आता चुलत बहिणी आणि आत्या ती वाटणी मोडू शकतात का? दोन, बहिणीचं नाव ठेवलं तर पीककर्जाला सोसायटी आणि बँक सगळ्या खातेदारांची संमती मागते. बहीण पुण्याला. दर वर्षी तिला बोलवायचं का? वहिवाटीला करार करून घ्यावा तर लोक म्हणतात कूळ लागतं, म्हणजे कसणाऱ्याचाच हक्क बसतो.

कृष्णाकाठची_अनघा

दादा, पहिल्याचं उत्तर. २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेल्या वाटण्या आणि विक्री दुरुस्तीतच सुरक्षित ठेवल्या आहेत. पण वाटणी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने झालेली हवी. तोंडी वाटणीचा बचाव एरवी मान्य होत नाही, कारण मुलीने दावा लावला की दुसऱ्या दिवशी 'आमची तोंडी वाटणी झाली होती' हे प्रत्येक घरात निघतं. मात्र विनीता शर्मा निकालातच अपवाद आहे: तोंडी वाटणीला सरकारी दस्तऐवजांचा भक्कम आधार असेल आणि ती हुकूमनाम्यासारखीच पक्की दिसत असेल, तर क्वचित प्रसंगी मानता येईल. तेव्हाचा फेरफार कशाच्या आधारे झाला ते काढा. तहसीलदारांचा वाटपाचा आदेश असेल तर बाजू बळकट, नुसता वर्दीचा (तलाठ्याला कळवून घातलेला) फेरफार असेल तर कमकुवत.

दुसऱ्याबद्दल जरीबसाखळी काकांनी लिहावं.

जरीबसाखळी

तिफण, कर्जाची अडचण खरी आहे. त्यावर लोक करतात ते असं: बहीण भावाला फक्त पीककर्ज, विमा आणि वहिवाटीपुरतं कुलमुखत्यारपत्र देते, विक्री आणि हक्कसोड त्यातून स्पष्टपणे वगळून. कूळवहिवाट करार करू नका. दुसरा मार्ग, सगळ्यांच्या संमतीने जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली वाटप करून घ्या. मग तुमचा गट तुमचा, तिचा तिचा. फक्त तुकडेबंदीत (ठरावीक क्षेत्राहून लहान तुकडे पाडायला मनाई) बसेल एवढं क्षेत्र पडतंय का ते आधी बघा.

आणखी एक गोष्ट बहिणींना कुणी सांगत नाही. महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते, कूळ कायद्याच्या कलम ६३ मुळे. बहिणीचं नाव चार गुंठ्यांवर जरी राहिलं तरी ती शेतकरी ठरते. सगळंच सोडलं तर पुढे स्वतःच्या पैशाने शेत घ्यायचं म्हटलं तरी दाखला कुठून आणणार? पूर्ण हक्कसोड करणाऱ्या बाईला हे दस्ताच्या आधी सांगायला हवं.

शेवंती

काका, हे मला आज कळलं. मी सही करून बसलेल्या तिघी-चौघींना ओळखते, एकीलाही ठाऊक नसणार.

भीमथडी

एक मजेशीर शंका. मुलगी सहदायाद झाली तर थोरली बहीण कर्ताही (एकत्र कुटुंबाची कारभारी) होईल ना? मग 'ए.कु.मॅ.' म्हणून तिचं नाव लागणार! आमच्या ताईला हे कळलं तर सगळ्यांची झोप उडेल, ती लहानपणापासून घरची मॅनेजर आहेच.

काटेकोर

होऊ शकते. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१५ च्या डिसेंबरात सुजाता शर्मा प्रकरणात थोरल्या मुलीला कर्ता मानलं आहे. ताईंना माझा नमस्कार सांगा.

आता अनघाताईंच्या मूळ प्रश्नावर माझा विरोध मांडतो. बहीण सज्ञान आहे. तिला तिचा हिस्सा भावाला द्यावासा वाटला तर ती तिची मालकी वापरते आहे. भावाने बहिणीला जमीन दिली तर आपण त्याला विचारत नाही की दबाव होता का. फक्त बाईच्या सहीवर सहा महिन्यांची बंदी घालणं म्हणजे तिला पुन्हा पालकाच्या हाताखाली देणं. दबावाखाली, फसवून घेतलेली सही आजही रद्द होते, फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांत दावा लावता येतो.

वऱ्हाडी_लेक

काटेकोरदादा, तीन वर्षांत दावा लावायचा म्हणजे सख्ख्या भावावर फसवणुकीचा आरोप शपथेवर करायचा. आईच्या हयातीत कोणती बहीण ते करते? दबाव म्हणजे कुणी हात पिरगळत नाही हो. 'माहेर तुटेल' एवढंच म्हणतात. त्याला पुरावा काय देणार? मला त्या वेळी कुणी अधिकाऱ्याने सांगितलं असतं की 'बाई, कायद्यानेच थांबायचं आहे', तर भावजयीचा राग माझ्यावर आला नसता, कायद्यावर गेला असता.

काटेकोर

हा मुद्दा वजनदार आहे. बंदीला माझा विरोध कायम, पण किंमत दस्तात लिहिणं आणि आधी सातबाऱ्यावर नाव लागणं या दोन अटींना माझी हरकत नाही. त्या पुरुषांच्या हक्कसोडीलाही सारख्याच लावा.

कृष्णाकाठची_अनघा

पुरुषांनाही लावा, आनंदाने. धाकट्या भावांनाही असंच गुंडाळतात.

वऱ्हाडी_लेक, तुम्ही जे लिहिलंत ते मला मसुद्याच्या भाषेत मांडता येत नव्हतं. सक्तीची मुदत बाईला नाही म्हणण्याच्या जबाबदारीतून सोडवते, म्हणूनच मी ती मागते. आणि अजून एक वाट बुजवायला हवी. निकालानंतर वडील मृत्युपत्रं करू लागले आहेत. सहदायिकीतला स्वतःचा वाटा मृत्युपत्राने देता येतो, तो सरळ मुलाला लिहून देतात. मांडवीकाठ म्हणतात तसा राखीव हिस्सा आपल्याकडे असता तर हे थांबलं असतं. विधी आयोग किंवा विधिमंडळ यावर कधी बोलेल तेव्हा गोव्याचा अनुभव टेबलावर हवा.

तिफण

ताई, बहिणीला फोन केला. तिला म्हणलं नाव लावून ठेवू, कर्जापुरतं मुखत्यारपत्र दे. ती म्हणाली, दादा, तू बोललास हेच बास. मी म्हणलं, नाही, नाव लागलं पाहिजे, आई पण तेच म्हणती. आता तलाठ्याकडं अर्ज कसा करायचा? वडिलांना जाऊन सहा वर्षं झाली, माझं एकट्याचं नाव लागलेलं आहे, बहिणीचं वारसांत लिहिलेलंच नाही.

जरीबसाखळी

शाब्बास. नुसत्या अर्जाने कदाचित होणार नाही, कारण प्रमाणित झालेला फेरफार तलाठी आपण होऊन बदलू शकत नाही. त्या फेरफाराविरुद्ध उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील करायचं, उशीर माफ करण्याचा अर्ज जोडून. बहीण अपीलकर्ती, तुम्ही सामनेवाले, आणि तुम्ही लेखी संमती द्यायची की बहिणीचं नाव राहून गेलं, लावायला माझी हरकत नाही. सामनेवाल्याची संमती असली की प्रकरण रेंगाळत नाही. मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं असलेलं प्रतिज्ञापत्र, जुन्या फेरफाराची नक्कल, चालू सातबारा आणि ८अ (खात्याचा उतारा) एवढं घेऊन जा. आईचं नाव वारसांत आहे का तेही त्याच वेळी बघा, ते पण राहिलेलं असेल तर एकाच अपिलात घ्या.